पडली तरी चालणारी डिस्क

४ फेब्रु., बुध.
लॅपटॉप चालू केला, कुकर लावला, बाबांची दाढी करून दिली. तरी पडद्यावर ते गोल फिरतंच होतं. मकरपुऱ्याच्या ऑफिसातून साहेबांचा, परमारभाईंचा फोन. टाकीचं ड्रॉइंग कुठे? म्हटलं, फाईल उघडतेय. "रोज ज उघडतेय, अनुजाबेन. ऑफिसमां आवी जाओ ने."
ऑफिसात गेले तर बाबांजवळ कोण? मी घरून काम करते म्हणून ते घरात आहेत.
दुपारी बाबांनी तांब्या फेकून मारला. भुवई फुटली, डोळ्यात रक्त. "चोरटे! माझी अनू कुठाय?"
मीच अनू. आता सांगत नाही. सांगितलं की जास्त भडकतात.

६ फेब्रु., शुक्र.
शेजारच्या शहाकाकींना बसवून रावपुऱ्यात लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात गेले. जिग्नेशभाईने लॅपटॉप कानाशी धरला. "बेन, आमां जूनी फरवावाळी डिस्क छे. एसएसडी नखावी दो, पछी जुओ." जुनी फिरणारी काढून एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क बसवायची. त्याने काउंटरवर तीन मांडल्या. पातळ पट्टीसारखी सगळ्यांत जलद, पण माझ्या लॅपटॉपात तिची जागाच नाही. उरल्या दोन चपट्या. एक स्वस्त, पण मोठ्या फाइली टाकल्या की दमते. दुसरी महाग, दमत नाही. माझी ड्रॉइंगं मोठी. विचार करून सांगते म्हटलं. तो भुवईकडे बघत होता. म्हटलं, कपाटाचं दार लागलं.
घरी आले तर शहाकाकी जिन्यात उभ्या. बाबांनी त्यांचा हात पिरगाळला. "हवे माराथी नहीं थाय, बेटा." आता त्यांना नाही जमायचं, बरोबरच आहे.

७ फेब्रु., शनि.
गळ्याला हात लावला तरी दुखतं.
सकाळी लॅपटॉप उघडून दोन्ही डिस्कांची माहिती वाचत होते. मागून आले. उभा जन्म रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेला, त्या हातांची ताकद अजून तशीच. "बोल! कुठे कोंडलीस माझ्या पोरीला?" गळा दाबला. डोळ्यापुढे काळं झालं. पाय झाडले, खुर्ची उलटली, तेव्हा सुटले.
मग पडद्यावर त्यांना मी दिसले. दहावीतली, दोन वेण्या. तो फोटो मीच लावलेला. "ही बघ! ह्यात कोंडलंय तिला!" लॅपटॉप उचलला आणि फरशीवर आपटला. परत उचलला, परत आपटला. "घाबरू नकोस बाळ, मी काढतो तुला."
ज्या माणसाने जन्मात कधी हात उगारला नाही, तो मला सोडवायला मला मारतोय. कुणाला सांगू हे?
पुण्याला दादाला फोन केला. त्याचं एकच, "बाबांना होममध्ये ठेव." फोन ठेवून दिला.

९ फेब्रु., सोम.
लॅपटॉप चालू होतो, पण आत टकटक वाजतं. बाबांना झोपेची गोळी दिली, बाहेरून कडी घातली. हो, घातली. रिक्षाने परत रावपुरा.
जिग्नेशभाई वेगाचे आकडे दाखवू लागला. मी विचारलं, "पडे तो?"
"शुं?"
"खाली पडली तर? जोरात. कुणी आपटली तर?"
त्याने माझ्या गळ्याकडे पाहिलं. "कंई नहीं थाय. अंदर फरतुं ज कशुं नथी. बेउ एवी ज छे." दोन्ही आपटल्या तरी चालणाऱ्या, मग ती न दमणारी घेतली. जुनीवरचं निघेल तेवढं तो काढून देणार. आधी कामाचं, मग फोटो, असं सांगून आले.
कडी काढली तर बाबा दाराला टेकून झोपलेले. नखं फुटलेली.

१२ फेब्रु., गुरु.
लॅपटॉप आणला. बटण दाबून खुर्ची ओढेपर्यंत उघडला! ड्रॉइंगं सगळी आली. आईच्या फोटोंतले बरेच गेले. टाकीचं ड्रॉइंग जेवणाआधी पाठवलं. परमारभाई, "आ तो कमाल!" ऑफिसचं नाव काढलं नाही. जिंकले असं वाटलं.
त्याच वेळी पाठीत बाबांची काठी बसली. वळले तर दुसरी खांद्यावर. काठी हिसकावली. आणि मारली. ढकललं-बिकललं नाही, मारली. त्यांनी हात आडवा घातला, त्यावर. हाड मोडल्याचा आवाज ऐकला आणि तरी परत मारली.
"अनू! धाव गं! ही बाई मला मारतेय!"
काठी हातात घेऊन उभी होते. बाबा अनूला हाका मारत होते.

१३ फेब्रु., शुक्र.
प्लॅस्टर. डॉक्टरांना म्हटलं, बाबा बाथरूममध्ये पडले. दादाला खरं सांगितलं. तो म्हणाला, "निघतो."

१५ फेब्रु., रवि.
दादा आला. माझा गळा पाहिला, बाबांचा हात पाहिला. वाघोडिया रोडवरचं होम बघून आला. खोल्या स्वच्छ आहेत म्हणाला.
"ते घरी राहावेत म्हणून तर सगळं केलं रे. डिस्क बदलली, काम टिकवलं."
"माहितीये. पण कोण आधी मरतंय याची वाट बघायची का, अनू?"
भांडले तरीही. तुझं काय जातंय पुण्यात बसून, वगैरे.
त्याने बॅग काढली. बाबा खूश! एका हाताने शर्टांच्या घड्या घालायला लागले. त्यांना वाटतंय ड्युटीवर निघालेत. दादा दारात फोन हातात धरून उभा. "होमला उद्याची गाडी सांगू?"
मी शर्ट बॅगेत ठेवायला लागले.
बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख नाही, पण रागही नाही. "बाई, माझा डबा तेवढा भरा हं."
म्हटलं, "भरते. भाजी कसली करू?"