बारा वाण, तीन शेतं आणि तेरावा मी

ती. मामांस,

कॉलेज अर्धवट सोडलेल्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. जिना चढताना तुमचा गुडघा अजून कुरकुरतो का, आणि मामींनी साखर खरंच सोडली की नुसता डबा लपवला, ते कळवावे. माझी तब्येत उत्तम. वजन वाढलंय (पोत्यांच्या काट्यावर मोजलं, मोजणारी व्यक्ती पुढे येईल). मागच्या पत्रात तुम्ही विचारलंत की तिथे तरी टिकलास का. त्यातल्या 'तरी'वर मी दोन दिवस धुमसत होतो. तिसऱ्या दिवशी निवलो, म्हणून लिहायला बसलो.

तर, टिकलोय. इथल्या बियाणे संशोधन केंद्रातलं काम असं: सूर्यफुलाचे बारा वाण तीन ठिकाणी पेरायचे. नदीकाठच्या मऊ जमिनीत, वरच्या खडकाळ माळावर आणि खाडीजवळच्या खारवट पट्ट्यात. मग कोणता वाण कुठे किती पिकतो आणि किती तेल देतो ते मोजायचं. वाणांना नावं नाहीत, नुसते नंबर. प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी नंबराची खुंटी. एकेका शेतात बाराच्या बारा वाण तीनतीनदा पेरलेले. कापणीच्या आदल्या दिवशी मला नदीकाठी पाठवलं, तर खुंट्या कशा? सात, दोन, अकरा, चार. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे (प्राध्यापकांच्या टेबलावर प्रयोगवही आपटून मी बाहेर पडलो ते काही उगाच नाही). आधीचा गडी डोळे मिटून खुंट्या ठोकून गेला असणार, या विचाराने माझं डोकंच फिरलं. दुपारभर खपून छत्तीसच्या छत्तीस खुंट्या उपटल्या आणि दोरी धरून ओळीने ठोकल्या: एक ते बारा, एक ते बारा, एक ते बारा. दुसऱ्या दिवशी त्याच नंबरांनी फुलं कापली, पोती भरली, चिठ्ठ्या बांधल्या, आणि साहेबांना बोलावून नीटनेटकेपणावर पंधरा मिनिटं व्याख्यानही झोडलं.

साहेब बांधावर मटकन बसले. ते ओरडले असते तर मीही ओरडलो असतो आणि हे पत्र तुम्हाला भलत्याच पत्त्यावरून आलं असतं. पण ते हळू आवाजात समजावू लागले. शेताचा एखादा कोपरा जात्याच कसदार असतो. तो दरवेळी एकाच वाणाच्या वाट्याला जाऊ नये म्हणून चिठ्ठ्या टाकून जागा ठरवतात. म्हणजे तो घोळ मुद्दाम, विचार करून घातलेला होता, आणि मी चार महिन्यांच्या मेहनतीला दोरी लावून सरळ केलं होतं. तेवढ्यात तेल तपासणीच्या खोलीतली मुलगी आली. तिला इथे सगळे 'तराजू' म्हणतात, कारण दोनदा तोलल्याशिवाय ती कशावरच मत देत नाही. तिने कपाटातून पेरणीचा नकाशा आणला, माझी रांग पाहिली आणि साहेबांना म्हणाली, "यांनी घोळ इतका ओळीत घातलाय, की उलटा सोडवता येईल."

मामा, माझ्या घोळाचं एवढं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही. पहिल्या जागेवरचं पोतं नकाशाप्रमाणे सातचं, दुसऱ्या जागेवरचं दोनचं, असं करत आम्ही संध्याकाळपर्यंत सगळ्या चिठ्ठ्या बदलल्या. सुतळी मी धरली, गाठ तिने मारली. (छत्तीस गाठी. मी तरी घाई केली नाही.)

पुढे महिनाभर आकडे येत गेले. मी सात नंबरच्या बाजूचा: उंच, ताठ, परातीएवढं फूल. नदीकाठी तो पहिला आला आणि मी शिट्टी मारली. माळावर नववा. खाऱ्या पट्ट्यात शेवटचा. मी माळाला शिव्या घातल्या, खाडीलाही घातल्या. चार नंबर मात्र बुटका, चारचौघांसारखा. पहिला कुठेच नाही, पण तिन्हीकडे तिसरा नाही तर चौथा. आणि साहेब त्याचंच गुणगान करत बसले. हा सातवर अन्याय आहे म्हणून मी तावातावाने तराजूशी भांडायला गेलो. ती म्हणाली, सातला वाईट कुणी म्हटलंय? त्याला नदीकाठ द्या, एवढंच लिहिलंय. हे ऐकून का कोण जाणे मला भरून आलं, आणि तिथल्या तिथे मी तिला लग्नाचं विचारून टाकलं.

तिने हातातली चाळणी खाली ठेवली. माझ्याकडे दोनदा पाहिलं.

"एका शेताच्या, एका हंगामाच्या आकड्यांवर मी कुणाचीच शिफारस करत नाही."

मग बाकीची शेतं कुठली, असं मी विचारलं. तिने बोटांवर मोजली. पहिलं हे; इथे मी बरा उगवलोय. दुसरं तिचं घर. तिथे तिचे वडील असतात, आणि माळ त्यांच्यापेक्षा मऊ आहे. (गेल्या रविवारी जाऊन आलो. त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. पंख्याखाली बसून घामाने भिजलो, पण आवाज चढवला नाही. निघताना ते पुन्हा या म्हणाले. कोंब दिसला म्हणायला हरकत नाही.) तिसऱ्या शेताचं खाली लिहितो, कारण ते लिहायला हात धजत नाही.

मामींना नमस्कार.

तुमचा,
राग गिळायला शिकत असलेला भाचा

ता. क. हे पत्र बाबांना दाखवू नये. दाखवायचंच झालं तर जेवण झाल्यावर.

ता. क. दुसरा. तिसरं शेत म्हणजे कॉलेज. जिथे पडलात तिथेच पुन्हा पेरून बघा, असं ती म्हणते. परीक्षेचा फॉर्म वीस तारखेपर्यंत भरायचा आहे. ते प्राध्यापक तुमचे वर्गमित्र. तुमच्याच शब्दावर मला घेतलं होतं. माफी मी स्वतः येऊन, त्याच टेबलासमोर उभा राहून मागेन. तुम्ही फक्त ते मला दारात उभं करतील का एवढं विचारा, आणि फॉर्म धाडा. पहिला येईन असं म्हणत नाही. चार नंबरसारखा आलो तरी पुष्कळ.

ता. क. तिसरा. तिकिटासाठी पाकीट तिच्याच काट्यावर ठेवलं. दोनदा तोलून तिने वजन जास्त भरल्याचं सांगितलं, पत्र वाचायला घेतलं आणि तिसरं पान काढून माझ्या हातात दिलं. म्हणून मधलं एक पान दिसणार नाही. ते वाटेत हरवलेलं नाही. ते दुसरा ता. क. लिहिण्याआधीच्या रागातलं; त्यात कॉलेजचं शिक्षण कसं कुचकामी आहे आणि मी तिथे पुन्हा पाऊल का ठेवणार नाही, हे सविस्तर, पुराव्यांसह लिहिलं होतं. पाकिटाच्या मागे पेन्सिलीने बारीक '१३' लिहिलेलं दिसेल. ते माझं अक्षर नव्हे. खुंट्यांवर नंबर तीच घालते.