पोर्तोला निघण्याआधी

शुगर लँड, टेक्सस
२ सप्टेंबर

प्रिय नीलांबरीताई,

सप्रेम नमस्कार. इथला उकाडा अजून हटत नाही. माझं बरं चाललंय, तुमचे गुडघे काय म्हणतात? शेजारचा केदार नागपूरला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतेय.

अमेरिकेच्या व्हिसाची तारीख मिळेना म्हणून तुमच्या लेकीने, हिमानीने, तुम्हाला थेट पोर्तुगालला, पोर्तोलाच बोलावलं, हे फार छान केलं. मे महिन्यात तिने मला तिथे नेलं होतं, म्हणून अनुभवाच्या गोष्टी सांगते.

नव्या चपला मुळीच नेऊ नका. सगळं गाव चढउताराचं आणि रस्ते दगडी. पण सुंदर! नदीकाठी एकमेकांना टेकून उभी असलेली रंगीत घरं, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. रेल्वे स्टेशनात गाडी पकडायची नसली तरी जा. तिथल्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशांत लढाया, राजाची वरात, शेतातली कामं, सगळं रंगवलंय. मी मान वर करून अशी उभी की लोक मला वळसा घालून जात होते.

'काल्दो व्हेर्द' नावाचं सूप घ्या. बटाट्याचं दाटसर, त्यात केसासारखी बारीक चिरलेली हिरवी पालेभाजी. त्यात सॉसेज घालतात, पण काळजी नको. सॉसेज नको हे सांगायला हिमानीने तिथल्या भाषेतली मोजकी वाक्यं माझ्यासाठी पाठ केली होती. ती बोलली तसा वेटर आत जाऊन आचाऱ्यालाच घेऊन आला! 'नाता' म्हणून खरपूस पेस्ट्री मिळते, तिच्यात अंड्याचा बलक असतो. मी आधी खाल्ली, मग विचारलं. तुम्हीही तसंच करा.

नदीपलीकडे पोर्ट वाइनची जुनी तळघरं आहेत. हिमानी म्हणाली, "आई, एक घोट. Nobody's watching." घेतला. ताई, थेट द्राक्षासव! मी तसं म्हटल्यावर ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. वर्षभरात मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

माझा ईशान आमच्याबरोबर नव्हता. सांता क्लाराला ऑफिसचं काम निघालं, असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

उंच पुलाच्या टोकाला टेकडीवर बाग आहे. सूर्यास्ताला सगळे तिथे गवतावर बसतात. आम्हीही बसलो. नदी सोन्यासारखी झाली होती. हिमानी म्हणाली, "आई, ईशान कामासाठी नाही गेला. आम्ही वेगळं व्हायचं ठरवलंय. तो तुम्हाला फोनवर सांगणार होता. मी म्हटलं, मी समोर बसून सांगते."

मला काय सुचावं? मी म्हटलं, "मग आपल्या परतीच्या तिकिटांचं काय?"

"तुमची सीट माझ्या शेजारीच आहे," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "तुम्हाला आई म्हटलेलं चालेल ना अजून?"

मी तिला जवळ घेतलं.

ताई, कोणी कोणाला फसवलेलं नाही. घरात भांडणंसुद्धा होत नव्हती. दोघं आपापल्या वेळी जेवायची, एकमेकांशी बोलायची ती फक्त बिलांचं आणि भाजीचं. मी त्याला शांतता समजत होते. आणि एवढं मनात असताना ही पोर मला गावभर जपून फिरवत होती, माझ्या सुपाची चौकशी करत होती. ईशानबद्दल तिने एकही वाकडा शब्द काढला नाही. तो माझा मुलगा आहे, मला तोही हवाच आहे. दिवाळीला त्याच्याकडे जाईन. पण हे घर विकून हिमानी नव्या जागेत नीट रुळेपर्यंत मी तिच्याजवळ राहणार आहे, आणि हे मी त्याला सांगितलंय. "बरं झालं आई," म्हणाला.

हे मी तुम्हाला का लिहावं? हिमानीनेच सांगितलं. "माझ्या आईला फोनवर सांगितलं तर ती रडेल, आणि मग मीच तिची समजूत काढत बसेन. तुम्ही लिहाल, please?" म्हणून लिहिलं. रडायचं ते नागपुरातच रडून घ्या. मीही पोर्तोच्या हॉटेलात नळ सोडून रडले. विमानतळावर ती समोर येईल तेव्हा 'का' आणि 'कसं' विचारू नका. भूक लागली म्हणा. मग ती तुम्हाला जेवायला नेईल, आणि आपणहून बोलेल.

फार गुणाची मुलगी दिलीत तुम्ही आमच्या घरात. पाच वर्षांत हे एकदाही म्हटलं नाही, आज म्हणते.

उद्या कोर्टाचे कागद काहीही म्हणोत,
तुमची विहीणच,
सुमित्रा