‘टेक’चे अर्थ

४ मार्च
सासूबाईंना झटका येऊन बारा दिवस झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शब्द उरला एकच — ‘टेक’.
नवरा म्हणाला, "आईला टेकून बसायचं असेल." पाठीशी उशी लावली. मग दुसरी. त्या डोळे वटारून — "टेक, टेक." तिसऱ्या उशीला माझ्या लक्षात आलं. बाई इंग्रजीत बोलतायत! जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, मेंदूनं शिल्लक ठेवलं तेही इंग्रजीच.
नवऱ्याला सांगितलं नाही. तो चौथी उशी आणायला गेला.

५ मार्च
त्यांच्याच कपाटातला शब्दकोश काढला. ‘टेक’ला अडीच पानं. घेणे. नेणे. काढून घेणे. सोसणे. वेळ लागणे.
चहाला मात्र ‘टेक’ म्हणायचं नसतं, ‘हॅव’ म्हणायचं. लग्नाला महिना झाला होता तेव्हा पाहुण्यांसमोर शिकवलं मला. "टेक टी? अगं, पाहुणे कप उचलून घरी नेणारेत का?" सगळे हसले. नवराही.

९ मार्च
दुपारी बोट फोनकडे. "टेक." म्हणजे लेकीला लावून दे. मी चष्मा दिला. मग औषध. मग भांडं. भांडं तीनदा. शेवटी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसलं मी — कोमट पाणी, मऊ फडकं, सगळं व्यवस्थित.
शेजारीण म्हणाली, "पोटच्या पोरीसारखं करतेस हो."
पोटची पोर परगावी असते. दिवसाआड फोन करते. मी सांगते, "आत्ताच डोळा लागलाय, वन्सं. आणि प्रवासाची घाई करू नका, मी आहे ना."

१० मार्च
टेक. टेक. टेक. दिवसभर.

१६ मार्च
हे घर लेकीला द्यायचं, असं सासूबाई येता-जाता ऐकवायच्या. कागद काही केला नव्हता. "मी कुठे चाललेय एवढ्यात?"
आज वकील घरी आला. मीच बोलावला. तो मोठ्यानं म्हणाला, "बाई, घर सुनेच्या नावावर करताय. स्वखुशीनं ना?"
सासूबाईंनी डाव्या हातानं कागद ढकलला. "टेक." म्हणजे, ने हे इथून. उच्चार अजून खणखणीत.
वकील माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "‘घे’ म्हणतायत."
शब्दकोशातला पहिलाच अर्थ. मी पदरचं काय घातलं?
नवरा खिडकीबाहेर बघत होता. आईसमोर त्याची हीच जागा.
डावा अंगठा मीच धरून टेकवला. ढ पोरांना ‘अंगठेबहाद्दर’ म्हणायच्या. छान उमटला. शाई साबणानं धुऊन काढली, नखातलीसुद्धा.

२४ मार्च
कागद नोंदवून झाले. आता वन्संनी खुशाल यावं. फोन केला.
"आई काही बोलते का गं?"
"एकच शब्द, वन्सं. त्याला काही अर्थ नाही."

२७ मार्च
वन्सं सकाळी आल्या. पलंगावर बसून आईचा हात हातात घेतला. "आई, बोल ना गं माझ्याशी."
सासूबाईंनी हात सोडवून घेतला. बोट भिंतीकडे केलं. छताकडे, दाराकडे. मग माझ्याकडे. ओठ बराच वेळ जुळवत होत्या.
"टुक."
वन्संनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय घेतलंस तू?"