नऊ नंबरच्या खोलीतली गुलाबी चिठ्ठी

तीर्थरूप ताईस, तुझ्या शेपटाचा साष्टांग नमस्कार.

साष्टांग हा शब्द या वेळी शोभेला लिहिलेला नाही. परवा औषधांच्या कपाटावरचा खोका काढताना मी स्टुलावरून आडवी झाले, आठही अंगं जमिनीला टेकली, आणि त्या अवस्थेत पहिली आठवण तुझी आली. म्हटलं, पडलोच आहोत तर नमस्कार करून घ्यावा. हाडं शाबूत आहेत, काळजी नसावी. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला? (त्यांना माझा नमस्कार सांग. नको, राहू दे. सांग, पण त्यांचं जेवण झाल्यावर.) तुझं अक्षर पाहून सात महिने झाले. फोन लावला की दोनदा वाजतो आणि तुटतो, म्हणजे तो तुझ्या हातात असतो आणि नाव पाहून तू तोडतेस, एवढं मला कळतं. शेवटी तुमच्या शेजारच्या शिवणवाल्या बाईंना फोन केला (निमित्त गणवेशाच्या बाह्यांचं, चौकशी तुझी), तर त्या म्हणाल्या की महिनाअखेरीला तू आणि भावजी लेकाकडे कायमचे राहायला जाणार, विमानाने नऊ तासांवर. माझी ताई देश सोडून चालली आणि मला ते बाह्यांच्या मापासोबत कळलं. म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड.

आधी त्या चिठ्ठीचं सांगते, कारण तुला हकिगत अर्धीच माहीत आहे. तू सगळ्यांना सांगतेस की मी डोळ्यांच्या विभागात आहे. (त्यापायी तुझ्या नणंदेने भर लग्नात पापणी उलटी करून मला दाखवली होती. मी गंभीर चेहरा करून 'गार पाण्याने धुवा' म्हणाले आणि वेळ मारून नेली. तिला बरं वाटलं म्हणे.) मी आहे नऊ नंबरच्या खोलीत, जिथे शरीरसंबंधातून पसरणाऱ्या रोगांवर उपचार होतात. बघ, लिहिलं, आणि पेन मोडलं नाही. या रोगांचं असं असतं की एकट्याला बरं करून भागत नाही. नवरा इथून औषध घेऊन ठणठणीत होतो, घरी जातो, आणि बायकोकडून तोच रोग परत घेऊन येतो, किंवा उलटं. दोघांनी औषध घ्यायला हवं, गोळ्या त्रास थांबला तरी शेवटपर्यंत संपवायला हव्यात, आणि तोवर एकमेकांपासून लांब राहायला हवं. म्हणून आम्ही पेशंटच्या हातात एक गुलाबी चिठ्ठी देतो, जोडीदाराला नेऊन द्यायला. तिच्यावर ना माणसाचं नाव, ना रोगाचं. छापलेलं असतं एवढंच: 'तुमच्या जवळच्या माणसाने आमच्याकडे उपचार घेतले आहेत. तुम्हीही आठ दिवसांच्या आत या. नाव विचारणार नाही. कुणामुळे झालं ते विचारणार नाही. रागावणार नाही. फक्त या.' खाली दवाखाना आणि खोलीचा नंबर.

सात महिन्यांपूर्वी दुपारच्या सुट्टीत मी त्याच टेबलावर तुला पत्र लिहीत होते. हाताला चिकटपट्टीचा तुकडा होता, तो पत्राच्या मागे लागला, त्याला एक चिठ्ठी लागली, आणि वरात पाकिटात गेली. तुझ्या घरी पाकिटं कोण फोडतं ते तुला माहीतच आहे. भावजींनी वजनमाप खात्यात पस्तीस वर्षं दुकानदारांच्या तराजूखाली मेण शोधलं, त्यांनी माझं पाकीट लाकडी पट्टीने फोडलं. नऊ नंबरची खोली कशाची ते घरात तुझ्याखेरीज त्यांनाच ठाऊक, त्यामुळे त्यांना वाटलं चिठ्ठी त्यांच्यासाठी, म्हणजे 'जवळचं माणूस' तू. (त्याच्या आधीच्या महिन्यात तू गुडघ्याचं कारण सांगून चार दिवस माझ्याकडे राहिली होतीस, ते त्यांना लगेच आठवलं.) त्यांनी काही न बोलता चिठ्ठी तुझ्यापुढे सरकवली, आणि तुला वाटलं ती तुझ्यासाठी, म्हणजे 'जवळचं माणूस' ते. (तेही पेन्शनच्या कागदांसाठी या गावात दोनदा येऊन गेले होते, ते तुला लगेच आठवलं.) चाळीस वर्षांच्या संसारात तुम्ही दोघं तीन दिवस एकमेकांकडे चोरून बघत राहिलात आणि पाण्याचे पेले वेगळे ठेवलेत. (पेल्याने हे रोग पसरत नाहीत, पण ते असो.) चौथ्या दिवशी तू फोन केलास, रडत, आणि मी हसले. ताई, चिठ्ठी जाणं ही चूक होती, ती कुणाच्याही हातून होईल. हसणं हा अपराध होता आणि तो मी केला. त्यावर तू म्हणालीस की माझ्या खोलीतली घाण तुझ्या घरात आली, पुन्हा लिहू नकोस. मी लिहिलं नाही. तुझं म्हणणं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं आणि नेमकं तेच ऐकायला नको होतं.

आता मधल्या काळात काय झालं ते. आमच्याकडे एक ट्रक ड्रायव्हर आले, नंबर एक्केचाळीस. (आम्ही नंबरानेच हाक मारतो. धंदाही मी बदलून सांगते आहे, तेव्हा उगाच ड्रायव्हर लोकांकडे संशयाने पाहू नकोस.) येताना काळा चष्मा आणि तोंडभर रुमाल, त्यामुळे दारातल्या वजनकाट्याला धडकले. त्यांनी सांगितलं की त्रास त्यांना नाही, मित्राला आहे. असे मित्र आमच्याकडे रोज येतात. मी म्हटलं, मित्राला सांगा पँट सैल करून पालथे झोपा. दोन्ही बाजूंना एकेक सुई असते, औषध घट्ट, हळूहळू द्यावं लागतं, आणि त्या वेळात माणूस भिंतीशी खरं बोलतो. माझ्या भिंतीला सगळं गाव ठाऊक आहे. नंतर अर्धा तास बाकावर बसवून ठेवायचं, काही त्रास होत नाही ना बघायला. निघताना चिठ्ठी दिली. आठ दिवसांनी बायको आली नाही, पंधरा दिवसांनीही नाही. तपासणीला ते एकटेच आले आणि पाकिटातून तीच चिठ्ठी काढून दाखवली, घडीवर फाटत आलेली. देणं जमत नव्हतं.

मग मी तालीम घेतली. मी बायको, ते नवरा, मध्ये कापसाची बरणी. (मी बायको झाले की माझा आवाज तुझ्यासारखा होतो, हे मला तेव्हाच कळलं.) पहिल्या खेपेला ते हवापाण्यावर बोलले. दुसऱ्या खेपेला माझ्या पाया पडायला निघाले. तिसऱ्या खेपेला आमचे डॉक्टर आत आले, ड्रायव्हर मला 'माझं चुकलं गं' म्हणत होते आणि मी तोंडाला पदराऐवजी टॉवेल लावला होता. डॉक्टर मागच्या मागे गेले. चौथ्या खेपेला साधं वाक्य आलं: मला एक आजार झालाय, तो तुलाही झाला असेल, चूक माझी आहे, आपण दोघं जाऊ. मी म्हटलं, एवढंच म्हणायचं, आणि पळून जायचं नाही. दोन दिवसांनी बायकोला घेऊन आले. बाई किडकिडीत, करारी. त्या म्हणाल्या, चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि हे न्हाणीघरात नळ सोडून उभे राहिले, टाकी रिकामी झाली तेव्हा बाहेर आले. त्यांनी सुई घेतली, हूं की चूं केलं नाही. तो अर्धा तास दोघं बाकाच्या दोन टोकांना बसले होते. बाईंच्या चपला आत राहिल्या होत्या, त्या ते छातीशी धरून बसले. जाताना त्या माझ्याजवळ आल्या आणि विचारलं, 'सिस्टर, इतक्या जणांना देता चिठ्ठ्या. तुम्हाला कधी कुणाला द्यावी लागली का?' मी नाही म्हणाले आणि लगेच हात धुवायला गेले. बराच वेळ धूत होते.

दिवसभरात शंभर माणसं मला सिस्टर म्हणतात आणि जिची मी बहीण आहे तिचा आवाज मी सात महिने ऐकलेला नाही. मला तुझी आठवण येते, ताई. दुसरं कारण नाही या पत्राला. एक गोष्ट मात्र तुला कधी सांगितली नाही. पूर्वी आमची चिठ्ठी सरकारी होती, 'संपर्कातील इसमाने तपासणीकरिता उपस्थित राहावे', आणि इसम येत नसत. डॉक्टरांनी मला सांगितलं, जरा माणसाला कळेल असं लिहा. मी दोन दिवस कागद खराब केले. मग आठवलं: आई गेली त्या वर्षी, मी सहाची, तू चौदाची. दुधाचं पातेलं सांडून मी कॉटखाली जाऊन बसले होते. तू ओरडली नाहीस. फरशीवर बसलीस आणि कॉटला म्हणालीस, कुणी सांडलं ते विचारत नाही, रागावणार नाही, फक्त बाहेर ये. तेच लिहून दिलं. तेव्हापासून माणसं येतात. घाण म्हणालीस ना तू. त्या गुलाबी कागदावर तूच बोलतेस, रोज, परक्या लोकांशी. तुझ्या घरात माझ्या खोलीतलं काही आलं असेल तर ते तुझंच तुला परत आलं.

सामानाची बांधाबांध करताना गुडघ्यावर बसू नकोस. वाकायचं काम भावजींना सांग.

तुझं,
शेपूट

ता. क. : पाकीट नेहमीप्रमाणे भावजींनी फोडलं असेल, तर भावजी, आधी पट्टी खाली ठेवा. त्या तीन दिवसांबद्दल मला क्षमा करा. ताई खरोखर गुडघ्यासाठीच आली होती, मी साक्षीदार आहे.

ता. क. २ : हाडं शाबूत आहेत हे वर लिहिलं ते खोटं. डावं मनगट प्लास्टरमध्ये आहे. सुया दुसरी सिस्टर देते, मी उजव्या हाताने नोंदी करते. बाकी सगळं जमतं, वेणी जमत नाही. आयाबाई घालून देतात, पण भांग वाकडा पडतो, आणि मी काही बोलत नाही.

ता. क. ३ : पाकिटात एक गुलाबी चिठ्ठी आहे, ती फेकू नकोस. उपचारांची ओळ मी पेनने खोडली आहे, बाकीच्या तशाच ठेवल्या आहेत. आठ दिवसांची मुदत आहे. या वेळी ती चुकून आलेली नाही.