चार भिंती आणि एक दार

प्रिय कौतू,

गावी सुट्टीवर आलेल्या मताइओच्या फोनवर तू पाठवलेला निरोप सगळ्या गावानं ऐकला. "मी बरा आहे. कुणी येऊ नका, मला एकट्याला राहू द्या." वा रे पठ्ठ्या! बायकोला, बेरेनातेला, पुरून महिना झाला नाही, तिच्या चपला अजून दाराशी असतील, आणि तू म्हणे बरा आहेस. बाबा गेले तेव्हा हेच वाक्य तू आईच्या तोंडी घातलं होतंस. मला राग आलाय, आणि तो गिळून गोडगोड लिहिणं मला कधी जमलं नाही.

तेव्हा तू ऑकलंडहून आलास आणि बोटीतून उतरल्या उतरल्या शहाणपण पाजळायला लागलास. बाबांभोवती बायका चटया टाकून बसल्या होत्या. रडत होत्या, मधेच बाबांच्या फजितीच्या गोष्टी काढून हसतही होत्या. म्हातारी कातारिना आईला म्हणाली, "मलाच मागणी घालायला निघाला होता मेला. होडी भरकटली म्हणून तुझ्या गावाला लागला." आई रडता रडता म्हणाली, "मग आता ने की त्याला!" सगळ्या हसल्या. तुझा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी तू उभा राहिलास आणि म्हणालास, "आईला विश्रांती हवीय, तुम्ही आता घरी जा." माणसं गुपचूप उठली, चटया गुंडाळल्या. आपल्याकडे मयताच्या घरून कुणाला उठवतात का रे? जातात ती आपणहून, आणलेला तांदूळ संपला की.

तेवढ्यावर थांबला असतास तरी चाललं असतं. पण तू आईला सिमेंटची खोली बांधून दिलीस. चार भिंती, दार, दाराला कडी. प्रेमानं बांधलीस, नाही म्हणत नाही. पण आपली घरं चार खांबांची, भिंती नसलेली. वाटेनं जाणारा प्रत्येक जण गावच्या रीतीनं आईला "कुठे निघालीस?" म्हणून विचारायचा, ती बसल्या जागेवरून "तुझ्या सासरी!" म्हणून ओरडायची. भिंतीला कोण विचारणार, कुठे निघालीस म्हणून? तू विमानात बसलास आणि इकडे गावानं अढी धरली. मी घरोघर जाऊन विनवलं, तर म्हणाले, "कौतूनंच सांगितलंय ना, विश्रांती हवीय. घेऊ दे." आईनं केवड्याची पानं विणायची सोडली. मग बोलायचं सोडलं. मग मासा नको, भात नको. मी विचारलं की भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "मी बरी आहे." तुला फोनवर सांगितलं तर तू गोळ्या पाठवल्यास.

शेवटी कातारिनाच अढी सोडून आली. पानं कुटायचा दांडका तिनं दारावर हाणला आणि ओरडली, "अगं ए, माझा नवरा पळवलास तो पळवलास, आता तोंडसुद्धा दाखवत नाहीस?" आतून आईनं अशी एक शिवी हासडली की ती मी इथे लिहू शकत नाही. कातारिनानं तिथेच बसकण मारली आणि ढसाढसा रडली. दुसऱ्या दिवशी पुरुषमंडळी पहारी घेऊन आली, त्यांनी रस्त्याकडची अख्खी भिंत पाडली. उरलेल्या खोलीत आता आमची डुकरं असतात, आणि मजेत असतात. आई बाहेर, खांबांच्या घरात, दिवसभर लोकांची थट्टा करत पानं विणते. पण ते भिंतीकडे बघत काढलेलं वर्ष तिला कुणी परत देणार नाही. त्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही, आणि करीन असं वाटतही नाही.

तुझा निरोप ऐकला तेव्हा आई पानं सोलत होती. तिचे हात थांबले. म्हणाली, "बरा आहे म्हणाला? मग पोरगं मरायला टेकलंय." तिनं कातारिनाला बोलावलं, आणि दोघींनी मिळून कातारिनाच्या जावयाला, मताइओला, कामाला लावलं. तो सुट्टी संपवून ऑकलंडला परत येतोय. हे पत्र टपालानं आलेलं नाही, दाराखालून सरकवलंय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. मताइओ बाहेर उभा आहे, आणि आपल्या बेटाची तिथे जेवढी माणसं आहेत तेवढी त्याच्यासोबत आहेत. त्यांच्या काखेत चटया आहेत, तांदूळ आहे. बेरेनातेच्या गोष्टीही आहेत, त्यातल्या काही तुला माहीतसुद्धा नसतील. "मी बरा आहे" म्हणालास तरी कुणी जाणार नाही, आईनं सगळ्यांना बजावून ठेवलंय. तिनं मताइओजवळ पहारही द्यायला काढली होती, पण विमानात नेऊ देत नाहीत. तेव्हा ऊठ, आणि दार तूच उघड.

अजून रागावलेली, तरी तुझीच बहीण,
रोतिया