धाकटीच्या वस्तू

सोमवार, ४
आज रुजू झाले. निळा युनिफॉर्म, काळे बूट, गळ्यात बिल्ला. बिल्ल्यावरचा फोटो चक्क बरा आलाय, माझ्या बाबतीत असं पहिल्यांदाच झालंय. विमानतळावर प्रवाशांच्या बॅगा तपासायचं काम आमच्या कंपनीकडे आहे. ड्युटीवर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, म्हणून मोकळ्या वेळात चाळा म्हणून ही वही.

काम असं. पट्ट्यावरून बॅग आत जाते आणि स्क्रीनवर तिचं पोट उघडं पडतं. कपडे, खाणं, कागद नारिंगी दिसतात, धातू निळा. वीस मिनिटं बघायचं आणि उठायचं, कारण त्यापुढे डोळे नुसते उघडे राहतात, दिसत काही नाही. मग वीस मिनिटं काचेपलीकडच्या विश्रांतीच्या खोलीत. आपण जागे आहोत ना हे तपासायला मशीन स्वतःच मधूनमधून कुणाच्याही बॅगेत खोटा सुरा, खोटं पिस्तूल दाखवतं. लाल बटण दाबलं की ते चित्र पुसलं जातं आणि खाली अक्षरं येतात: चाचणी होती, शाबास. नाही दाबलं तर आपल्या नावावर चूक.

ही नोकरी मला धाकटीच्या शब्दावर मिळाली. धाकटी म्हणजे माझी जाऊ, दिराची बायको. ती इथे चार वर्षं आहे. विश्रांतीच्या खोलीत दर महिन्याच्या उत्तम तपासनीसाचा फोटो लावतात, तिथे तीच. घरी सासूबाईंच्या तोंडी तीच, इथे भिंतीवर तीच. पोटात दुखलं, लिहून टाकते. वहीशी काय खोटं बोलायचं.

गुरुवार, ७
केस वाळवायच्या मशीनला मी पिस्तूल समजले आणि पट्टा थांबवला. रांगेतले तीस लोक माझ्याकडे बघायला लागले. धाकटी शेजारच्या लाईनवरून आली, बॅग उघडून दाखवली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, आमच्या ताईंना घरीसुद्धा समोरचं लाटणं दिसत नाही. हसले सगळे. मीही हसले, करते काय. घरी येऊन हिने तोच किस्सा सासूबाईंना साभिनय सांगितला, आणि आमचे हे सर्वांत जास्त हसले. चार पोळ्या जाड लाटल्या मी आज, मुद्दाम.

मंगळवार, १२
एका काळ्या बॅगेत चष्मा दिसला. चष्मे रोज शेकड्याने जातात. पण याची एक काडी मोडलेली आणि सेफ्टी पिनेने अडकवलेली, थेट धाकटीच्या चष्म्यासारखी. चष्मा काही धोक्याची वस्तू नाही, पण हात शिवशिवला आणि दाबलं बटण. चष्मा पुसला गेला. चाचणी होती, शाबास.

मान वळवली तर शेजारी धाकटी नाक चाचपत होती. चष्मा नाकावरून गेला होता. ट्रे पाहिले, पट्ट्याखाली पाहिलं, कचऱ्याचा डबा उपडा केला, कुठे नाही. डोळे बारीक करकरून तिने ड्युटी संपवली आणि तिच्या नावावर तीन चुका लागल्या. माझ्या नावावर एकही नाही. योगायोग असणार.

शुक्रवार, १५
आज दाढ. टोपी घातलेली, तीन मुळांची, कुणाच्या तरी मोज्यांच्या मधोमध. गेल्या वर्षी ती टोपी बसवायला धाकटीला दवाखान्यात मीच नेलं होतं. डॉक्टरांनी दाढेचा एक्सरे आम्हा दोघींना दाखवला होता, एक मूळ आकड्यासारखं वाकडं. हेही वाकडं. म्हणजे आज योगायोग म्हणायची सोय नव्हती.

बोट बटणावर होतं. दोन सेकंद थांबले असेन. मग मला लाटण्याचा किस्सा आठवला.

संध्याकाळी धाकटी गालाला हात लावून बसली होती. दाढ गेली होती, मुळांसकट. रक्ताचा थेंब नाही, आणि दाढही सापडली नाही. डॉक्टर म्हणाले, असं कधी पाहिलं नाही. सासूबाई तिला पेज भरवत होत्या. मला वाईट वाटायला हवं होतं. मला कडकडून भूक लागली होती.

सोमवार, १
भिंतीवर मी. धाकटीचा फोटो काढून माझा लावला. सुपरवायझर साहेबांनी स्वतः खिळा ठोकला. घरी जाताना पेढे घेतले.

दारातच कळलं, धाकटीला तिसरा महिना लागलाय. आजवर कुणाला बोलली नव्हती. सासूबाई रडत होत्या, दीर वेड्यासारखा हसत होता. माझे पेढे माझ्याच हातातून घेऊन त्यांनी तिच्या तोंडात भरवले. फोटोचं मी सांगितलं, तर हे म्हणाले, अगं हो का, छान. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. किती डॉक्टर, किती गोळ्या, ते या वहीत लिहिणार नाही. मोरीत नळ सोडून बसले आणि पोटभर रडले. तिचा राग येतो. 

बुधवार, ३
एका लहान मुलाच्या दप्तरात. वह्या, डबा, आणि मध्ये मुठीएवढं काहीतरी मुडपून बसलेलं. नारिंगी. पाठीचा कणा दोऱ्याएवढा.

बोट बटणावर गेलं. दप्तरातलं ते हललं. स्क्रीनवरचं चित्र कधी हलत नाही.

हात मांडीखाली घालून बसले. दप्तर पुढे गेलं. माझ्या नावावर चूक लागली. धाकटी शेजारच्या लाईनवर पोटाशी हात धरून कुणाला तरी ट्रे देत होती, ठणठणीत.

साहेबांना म्हटलं, मला मशीनवरून हलवा, दाराशी उभी करा. ते म्हणाले, भिंतीवरचं माणूस दाराशी कोण उभं करतं.

गुरुवार, ४
सकाळपासून सहा वेळा. दर पाळीला. बॅग कुणाचीही असो — आत तेच. प्रत्येक वेळी थोडं मोठं.

सहा चुका. धाकटीची एकही नाही. नवा चष्मा आलाय. साहेब म्हणाले, असंच चाललं तर फोटो पुन्हा तिचा.

नाही दाबणार. हे लिहिलं की जरा धीर येतो. नाही दाबणार. पण घरी सासूबाई तिच्यासाठी लोकर घेऊन बसतात आणि मला म्हणतात, तू जरा सरक —

सातव्या वेळी बोट बटणाला टेकलं होतं. मी टेकवलं नव्हतं. की टेकवलं होतं —

शुक्रवार, ५
विश्रांतीच्या खोलीत धाकटीला सगळं सांगितलं. चष्मा, दाढ, आणि ते. म्हटलं, सुट्टी घे, माहेरी जा, या इमारतीत पाऊल ठेवू नकोस.

ती हसली नाही. पोटावर ओढणी घेतली आणि एवढंच विचारलं, ताई, पुन्हा दिसलं तर दाबाल का.

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. शब्द आलाच नाही. देवाशपथ, मी खूप प्रयत्न केला. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग माझ्या हाताकडे.

वेळ झाली म्हणाली. माझ्या मशीनवर आता तिची पाळी. जाऊन बसली.

काचेतून दिसतेय. एक बॅग — दुसरी — पट्टा थांबवला. स्क्रीनजवळ वाकली. आता वळून माझ्याकडे बघतेय. डोळ्यांत पाणी आहे तिच्या. हात बटणावर —

माझी करंगळी गेली. दुखलं नाही. रक्त नाही. होती तिथे गुळगुळीत —

पुन्हा दाबलं. तिला माझा जीव नकोय. तिला फक्त बोटं हवीत, जी दाबतील ती. मी तिच्या जागी असते तर —

आता दोनच, त्यांनीच पेन धरलंय. अक्षर बिघडतंय. काचेवर हात आपटला, ती बघत नाही, तिने पुढची बॅग घेतली. धाकटे, थांब, मी सांगते, नाही दाबणार, आता शब्द आलाय बघ, ना