उलट्या बाजूची गाठ

३ नोव्हेंबर

माफ कर, फार दिवसांनी उघडते आहे तुला. धाकटी गेल्यापासून लिहायला बसलं की पहिलं वाक्य तिचंच यायचं आणि मी पेन खाली ठेवायचे. आज मात्र आनंदाची गोष्ट आहे. मी ठमीकडे राहायला आले.

ठमी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. कागदोपत्री तिला चांगलं भारदस्त नाव आहे, पण मांडीला तीन-तीन वळ्या पडणाऱ्या प्राण्याला ते शोभत नाही. बाळंतपणानंतर धाकटीला ताप भरला आणि ती गेली. लेकीला डोळे भरून पाहिलंही नसेल तिने. तेव्हापासून सांभाळायला एक बाई होती, तीही गेल्या आठवड्यात न सांगता काम सोडून गेली. मेहुण्यांचा फोन आला तसा मी कॉलेजात बिनपगारी रजेचा अर्ज टाकला. चाळिशी उलटलेली एकटी बाई, मला अडवणार कोण?

दार धाकटीच्या सासूबाईंनी उघडलं. माय मरो पण मावशी जगो म्हणतात ते काय उगाच, असं हसत म्हणाल्या. मला ते लागलं. पण त्यांच्या मनात वाईट नसावं. तोंडात म्हण बसलेली असते, माणूस बोलून जातं. ठमीला कडेवर घेतलं आणि तिने लगेच माझी साडी भिजवली. सासूबाई म्हणाल्या, घ्या, मावशीचं स्वागत झालं, गरम पाण्याने! मेहुणेही हसले. मीही. किती दिवसांनी हसले.

५ नोव्हेंबर

दिवसाचं गणित आता बसू लागलंय. उठल्याबरोबर लंगोट, दूध, ढेकर, पुन्हा लंगोट. आंघोळ, झोप, उठली की लंगोट. मेहुणे डायपरचे गठ्ठे आणून टाकतात, पण जांघेत पुरळ उठलंय, म्हणून घरात मी कापडच वापरायचं ठरवलं. सासूबाई म्हणाल्या, हौस असेल तर धू बाई, मला ती घाण बघवत नाही.

पॅसेजच्या टोकाच्या खोलीत कपाट आहे. त्यात धाकटीने बाळंतपणाआधी कापून ठेवलेली तिकोनी कापडं सापडली. जुन्या मऊ चादरींची, कडा हाताने दुमडून शिवलेल्या. ती आजारी असताना याच खोलीत होती. आता तिथे इस्त्रीचं टेबल आणि रिकामी खोकी आहेत. दाराला बाहेरून कडी आहे. मांजर शिरायचं म्हणून लावली, असं सासूबाई म्हणाल्या. तिसऱ्या मजल्यावर मांजर?

धाकटी माझ्याहून बारा वर्षांनी लहान. तिचे लंगोट मीच बांधले, आईने मला शिकवलं होतं: तिकोन पसरायचा, मधलं टोक पायांमधून वर, दोन्ही बाजू पुढे, गाठ बाळाच्या उजव्या कमरेला, उरलेलं टोक आत खोचायचं. पुढे तिला बाहुलीसाठी हवं झालं तेव्हा मी तिला समोर बसवून दाखवलं. समोर बसवलं हीच चूक. आरशात बघून शिकावं तसं ती सगळं उलटं शिकली. गाठ डाव्या कमरेला, टोक खालून वर खोचलेलं. किती समजावलं, हात वळेचनात. मी तिला उलटी म्हणून चिडवायचे. तशी गाठ जगात तीच एकटी मारत असेल.

८ नोव्हेंबर

एक बारीकशी गोष्ट. ठमीला बदलून पाळण्यात ठेवलं आणि बादली घेऊन गच्चीत गेले. कपडे वाळत घालून आले तर लंगोट कोरडा, दुसरा. गाठ डाव्या कमरेला. टोक खालून वर.

सासूबाईंना विचारलं. त्या उडाल्याच. मी? मी त्याला हात लावेन? मेहुणे ऑफिसात. मग मीच बांधला असणार. धाकटीच्या आठवणीत हात वळला असेल. माणूस दमलं की हातांना स्वतःचं डोकं येतं. हे पटण्यासारखं आहे. मी ते पटवून घेतलं.

मात्र पुरळ पार गेलंय. ओला लंगोट आता तिच्या अंगावर क्षणभरही राहत नाही. मी पोचायच्या आधीच—

नाही. मीच बदलत असणार.

११ नोव्हेंबर

मेहुण्यांनी जेवताना सांगून टाकलं. त्यांच्या ऑफिसातल्या एका जोडप्याला मूल नाही. ठमीला त्यांच्याकडे द्यायचं ठरतंय. मला आयुष्य उभं करायचंय, ताई, असं म्हणाले. तुम्हीही मोकळ्या व्हाल. मी म्हटलं, मला द्या की. ते हसले. म्हणाले, एकट्या बाईच्या हाती मूल देऊन लोकांची बोलणी कोण खाणार?

सासूबाईंनी मान डोलावली. ठमी माझ्या मांडीवर होती, पण पाहत होती पॅसेजकडे. आणि हसत होती, ओळखीचं माणूस आल्यावर हसते तशी.

१२ नोव्हेंबर

दुपारी सासूबाईंच्या खोलीतून आरडाओरडा. पलंगावर उताण्या पडलेल्या. अंगाखालची चादर पायांमधून वर घेतलेली, कमरेशी करकचून बांधलेली. चादर ओली. त्या माझ्यावर ओरडल्या, म्हाताऱ्या माणसाची चेष्टा करतेस, लाज नाही वाटत? मी शपथेवर सांगितलं, मी स्वयंपाकघरात बाटल्या उकळत होते. मग हळू आवाजात म्हणाल्या, कुणीतरी माझे दोन्ही घोटे एका हातात धरून वर उचलले गं. तान्ह्याचे उचलतात तसे. हात थंड होते.

गाठ डाव्या कमरेला होती.

१४ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले वय, अशक्तपणा. सासूबाईंना उठवत नाही. मेहुण्यांनी मेडिकलमधून मोठ्या माणसांचे डायपर आणले आणि कामासाठी परगावी गेले. जाताना म्हणाले, ताई, तुम्हाला सवय आहेच.

आता दोघींचं मीच करते. आज बदलताना सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि सगळं बोलून टाकलं. मी विचारलंही नव्हतं.

धाकटीला तापात शुद्ध नसायची. अंथरूण खराब व्हायचं. वास यायचा. बाळाला लागण होईल म्हणून मेहुण्यांनी खोलीला बाहेरून कडी घातली. पाण्याचा तांब्या आत सरकवायचा, दार लावायचं. डॉक्टरला उद्या बोलवू, परवा बोलवू. ती त्याच घाणीत पडून राहिली. शुद्धीवर आली की दार वाजवायची. ताई, ताई म्हणून हाका मारायची. मी नुसती ऐकत होते गं, सासूबाई म्हणाल्या. कडी त्याने घातली, मी नाही.

मी तेव्हा रोज फोन करत होते. रोज सासूबाई गोड आवाजात सांगायच्या, झोपलीय हो, आत्ताच डोळा लागलाय, उठवत नाही.

मी माझं मनगट सोडवलं, डायपरच्या पट्ट्या नीट लावल्या. माझे हात अजिबात थरथरत नव्हते. त्याचीच भीती वाटली.

१५ नोव्हेंबर

सासूबाईंचे शब्द संपले. नुसतं ऊं ऊं. मूठ तोंडात.

दुपारी रडायला लागल्या. ओलं झालं असणार. मी ठमीला भरवत होते. उठायला हवं होतं. मनात आलं, पडू दे थोडा वेळ. थोडा वेळ म्हणजे किती, हे मी ठरवलं नाही. हे मी लिहून ठेवते आहे, कारण खोटं लिहायचं नाही एवढा एकच नियम मी आयुष्यभर पाळला आहे.

पॅसेजमध्ये कुणीतरी गुणगुणत होतं. ठमीने टाळ्या वाजवल्या.

१६ नोव्हेंबर

पलंग रिकामा. त्यांना पाऊल टाकवत नव्हतं आणि पलंग रिकामा—

टोकाच्या खोलीतून रडणं. दाराला कडी. बाहेरून.

मी कडीला हात लावला. घातलेली कडी काढायला किती ताकद लागते? बोटभर. मी हात लावला आणि—

कडीखाली फरशीवर तिकोनी कापडांची चळत. धुतलेली, घडी केलेली. मी धुतलेली नाहीत.

हात मागे घेतला. धाकटीसाठी? की ठमी माझ्याकडे राहावी म्हणून? देवाशप्पथ मला सांगता येत नाही. दोन्ही उत्तरं एकाच चेहऱ्याची आहेत.

१७ नोव्हेंबर

आज ठमीचा लंगोट मी बांधला. डोळे उघडे ठेवून, एकेक टोक बघत. बांधून झाल्यावर पाहिलं.

गाठ डावीकडे.

सोडून पुन्हा बांधला. डावीकडे. हात माझेच. नखाजवळचा शाईचा डाग माझाच. आणि किती सोपं जात होतं—

आतलं रडणं बारीक झालंय.

१८ नोव्हेंबर

रडणं नाही.

मेहुण्यांचा फोन. उद्या दुपारी पोचतो. ते जोडपं संध्याकाळी येईल, ठमीची बॅग भरून ठेवा. त्यांना सांगायला हवं होतं, येऊ नका. एवढे दोन शब्द. तोंड उघडलंही. मागून माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली कुणीतरी, लहानपणी टेकायची तशी—

त्यांनी विचारलं, आई कशी आहे? तिला द्या जरा.

मी म्हटलं, झोपल्यात हो. आत्ताच डोळा लागलाय. उठवत नाही.

किती गोड आवाज निघाला माझा.

ठमी पॅसेजकडे हात पसरते आहे. माय मरो म्हणे. माय मेली कुठे, ती तर—

उद्याचं काम: मोठ्या पलंगाची चादर तिकोनी कापून ठेवणे, मेहुण्यांच्या मापाची